एक मीटर खडक

सुकती सकाळी सहा अठ्ठावीसला होती.
संमतीपत्रं आली अठरा,
पोरं आली तेवीस.
उरलेल्या पाचांना परत कोण पाठवणार,
समुद्र स्वतःहून मागे सरकून उभा असताना?

खारदांड्याच्या खडकावर आम्ही मांडली
पाइपाची चौकट, मुश्ताक प्लंबरने फुकट कापून दिलेली,
बरोब्बर एक मीटर बाय एक मीटर.
आत असेल ते मोजायचं,
बाहेरचं आज आपलं नाही,
मी म्हणाले वर्गातल्याच आवाजात
आणि वाऱ्याने तो अर्ध्यातच नेला.

नियम दोन.
उचललेला दगड होता तसाच पालथा ठेवायचा,
ते कुणाचं तरी छप्पर असतं.
आणि बोट आधी ओलं करायचं, मग लावायचं.

तक्त्यात रकाने: नाव, संख्या, सजीव की निर्जीव.
शिंपले चाळीस, मग पंचेचाळीस, मग भांडण.
इझानने खिशात टाकायला उचललेल्या शंखाला
पाय फुटले.
खळग्यातल्या हिरवट फुलाला अनमने बोट लावलं
आणि फूल मिटलं, घट्ट, मुठीसारखं.
तेवीस पोरं एकदम गप्प
मी नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिली.
वाट बघितली.
एक पाकळी बाहेर. मग दुसरी.

हर्षिका वैती,
वाचनाची पाळी आली की नेमकी जिची पेन्सिल खाली पडते,
खडकाकडे एकदा बघून म्हणाली,
बाई, ही कालवं. ही जिती, ही मेलेली,
मेल्याचं तोंड उघडं राहतं.
त्या फटीत निवटी असणार, आत्ता येईल बघा.
आणि तिथं नका उभ्या राहू, शेवाळ आहे.
आली निवटी. मी घसरले.
हिची आई टोचा घेऊन याच खडकावर बसते,
हे मला त्या सकाळी कळलं.
दोन वर्षं मी हिच्या प्रगतिपुस्तकात लिहीत होते:
निरीक्षणशक्ती वाढवणे आवश्यक.

चौकटीच्या कोपऱ्यात एक चप्पल होती.
डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची.
तळाला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी कवचं,
पोरांनी मोजली, एकशे बारा,
आणि अंगठ्याच्या भोकात राहणारा एक खेकडा.
कुठल्या रकान्यात?
निर्जीव, अनम म्हणाली, रबर आहे.
मग आपली बिल्डिंगपण निर्जीवच की, इझान म्हणाला,
आपण राहतो ती.
अकरा हात वर गेले, उचला.
बारा गेले, राहू दे.
माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती,
वेफर्सची पाकिटं, नायलॉनचा गुंता,
कुणाच्या तरी पूजेची थर्माकोलची वाटी.
चप्पल राहिली.
बरोबर झालं का, मला अजून माहीत नाही.
तेवढ्यात पाणी घोट्याला लागलं
आणि चौकट उचलावी लागली.

सहामाहीत प्रश्न आला, सजीवांची लक्षणे लिहा, गुण तीन.
पुस्तकात आहे: वाढ, श्वसन, हालचाल, चेतनाक्षमता.
हर्षिकाने एवढंच लिहिलंय,
वेलांट्या चुकवून:
हात लावला की मीटतं. आपण गप बसलो की परत ऊघडतं.

लाल पेनाची शाई वाळली हातात.
तीन लिहिले. मग खालच्या दोन वेलांट्यांना
गोल करायला गेलेला हात आवरला.

पुढची सुकती शनिवारी, सात पाचला.
संमतीपत्रं आत्तापर्यंत चार.
एकावर सही, आणि सहीखाली
एका आईच्या ठाशीव अक्षरात:
बाईंनी जाड तळाची चप्पल घालावी.
कालवं कापतात.